तीन की आठ

आमची चोरीला गेलेली गाडी आईला शेवटपर्यंत मिळाली नाही.

आज सकाळी आईही गेली.

आमच्या दांडी गावात सगळ्यांना ती गाडी माहीत होती. माझ्या जन्माआधीची जुनी पिकअप, बाबांनी सेकंडहँड घेतलेली.
बाबा गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाक. आईने गावातल्या रमेशला ड्रायव्हर ठेवलं आणि मासळी बोईसरच्या बाजारात नेत राहिली.

मग एका सकाळी दारात गाडीच नाही.

काही महिन्यांनी पोलिसांचा फोन आला. कुंभवलीजवळ एका भंगारवाल्याकडे तशीच पिकअप सापडलीय, येऊन ओळखा.

आई, मी आणि रमेश गेलो.
रंग बदललेला. नंबरप्लेट खोटी. बॉनेटखालची नंबराची पट्टी कुणीतरी उखडून काढलेली.

आईने दरवाजावरून हात फिरवला. "आपलीच हाय."

हवालदार म्हणाले, "मावशी, चॅसी नंबर जुळला तरच."

तो नंबर पुढच्या चाकामागे, लोखंडातच ठोकलेला असतो. पट्टीसारखा काढता येत नाही. रमेश गाडीखाली शिरला. रॉकेल लावून वायरब्रशने गंज काढला, वर खडू घासून पुसला. खोलगट आकड्यांत पांढरं राहिलं.

तो वाचत होता, मी मोबाइलमधल्या आरसीच्या फोटोशी ताडत होते.
मॉडेल तेच. मधलं अक्षर गाडी कुठल्या वर्षी बनली ते सांगतं, तेही तेच.
पुढचे आकडेही एकेक करून जुळत गेले.

राहिला शेवटचा आकडा. आमचा तीन.
इथे मात्र गंजाने खाल्लेलं. तीन म्हटलं तर तीन, आठ म्हटलं तर आठ.

"काकी, तीन बोला," रमेश हळूच म्हणाला. "कोन बघतंय?"
त्याचंही घर त्या गाडीवर चालायचं.

आई साडी खोचून स्वतः खाली सरकली. आकड्यावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. बराच वेळ बाहेरच येईना.

"आठ हाय."

"काकी, अवो..."

"डाव्या अंगाला पन खोल लागतंय, रमेश. आठच हाय. ही पन कोनाची तरी गेलीय ना?"

हवालदारांनी आठ लिहून घेतला.

परतताना रिक्षात ती तोंडाला पदर लावून रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं.
"मला वाटलेलं गं, आपलीच असंल," एवढंच म्हणाली.

नंबरावरून खरा मालक सापडला. कोळगावकडचा एक भाजीवाला. गाडी सुटल्यावर बायकोला घेऊन तो आमच्या घरी आला. 
आईने दोघांना जेवू घालूनच पाठवलं.

नंतर ती भाड्याच्या टेम्पोने मासळी नेऊ लागली. टेम्पो रमेशच चालवायचा. त्या आकड्याबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

आज खांदा द्यायला तो सगळ्यात पुढे होता. कुणी खांदा बदलायला आलं, तर मान हलवून नाही म्हणायचा.

आई, नीट जा गं.
तुझ्या लेकीचा तुला शेवटचा नमस्कार. 🙏