उसवायची राहिलेली दुमड

शिंपीण लेकीच्या फ्रॉकला खाली चार बोटं दुमड ठेवायची, पोर वाढली की उसवायची. पण दोन वर्षं झाली, उसवायची वेळच येईना. "माझंच माप चुकलं बाई," म्हणत ती हसायची.

मग एकदा लेकीच्या गुडघ्याखाली हाडाची टणक गाठ हाताला लागली. शिंपिणीच्या स्वतःच्या मनगटावर होती ना, तश्शीच. डॉक्टर म्हणाले, "हाडांच्या वाढीचा आजार आहे, आईकडून आलाय. पुढच्या मुलालाही होऊ शकतो."

आणि घरी सासू दुसऱ्या नातवंडासाठी हटून बसलेली! सांगावं तर खापर हिच्याच डोक्यावर. इकडे आड, तिकडे विहीर.

"काय म्हणाले गं डॉक्टर?" सासूनं विचारलं.

शिंपीण लेकीच्या फ्रॉकची दुमड चाचपत राहिली. सासूनं नातीचा गुडघा कुरवाळला. "असू दे. पुढचं बाळ बघ कसं धडधाकट होईल!"