दाराबाहेरच्या वहिनी

वहिनींच्या घरात कुणालाही गप्प राहून अंघोळ करायची मुभा नव्हती. गाणं म्हणा, श्लोक म्हणा, ऑफिसातल्या साहेबाला शिव्या द्या, पण आवाज बाहेर आला पाहिजे. आवाज थांबला की दारावर थाप पडायची. आतून कडी लावायची नाही, हा दुसरा नियम. हॉलंडमधल्या फोरबर्गच्या त्या घरात पोटमाळ्यावर भाड्याने राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी मी डोक्याला शाम्पू चोळत मुकाट उभा होतो. थाप इतक्या जोरात पडली की घराला आग लागली असं वाटून मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. वहिनी समोरच उभ्या होत्या. "काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या, "फक्त बोलत राहा."

आठवडाभरात माझी गाणी संपली आणि मी पाढ्यांवर आलो. शाळेत मार खाऊनही न आलेला एकोणतीसचा पाढा मला हॉलंडमध्ये पाठ झाला. वहिनींची सहा वर्षांची इरा तर शाळेतल्या सगळ्या भांडणांचं समालोचन अंघोळ करता करता डचमध्ये करायची. वहिनींना त्यातलं निम्मंही कळत नसे, पण त्यांना अर्थाशी कर्तव्य नव्हतं. त्या दाराबाहेर जिन्यावर बसून "हं, हं" करत राहायच्या, आणि इरा श्वास घ्यायला थांबली तरी हात दाराकडे जायचा.

वहिनींचे यजमान श्रीधर माझे टीम लीड. आम्ही दोघं रोज ट्रेनने स्लोटरडाइकच्या ऑफिसला जायचो. मी एकदा वहिनींच्या थापांवरून त्यांची चेष्टा केली, तेव्हा ते हसले नाहीत, त्यांनी मला घडलेलं सांगितलं. वहिनींच्या पुण्याच्या माहेरी बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता. थंडीचे दिवस, खिडकी घट्ट लावलेली. वहिनींची धाकटी बहीण माया अंघोळीला गेली होती आणि वहिनी बाहेर केस विंचरत आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. सकाळीच दोघींचं एका ओढणीवरून वाजलं होतं. आतून आवाज येईना, तेव्हा वहिनींना वाटलं, फुगून बसली असेल. म्हणून त्यांनी दार वाजवलं नाही. माया गेल्यावर डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी त्यांना सांगितलं की गीझरचा तो विषारी वायू कळूच देत नाही, कुणालाही काही करता आलं नसतं. "त्या एका वाक्यावर ती उभी आहे," श्रीधर म्हणाले. त्यानंतर मी चेष्टा केली नाही. पाढे मात्र मोठ्याने म्हणू लागलो.

आणि नेमकं या घरातच बाथरूमला लागून एक कपाट होतं, त्यात जुना बॉयलर. सगळं घर तापवायचं काम त्याचं. छोट्या काचेतून निळी ज्योत दिसायची. वहिनी जाता-येता त्या काचेत डोकावायच्या. दिवाळीच्या सुमाराला दारात एक पत्रक पडलं. वर्षाचे पैसे भरा, आमचा माणूस येऊन बॉयलर आणि हीटिंग तपासेल, बिघडलं तर दुरुस्त करेल. वहिनींनी ते पत्रक फ्रिजवर लावलं आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही.

घरमालकीण म्हातारी डच बाई होती. तिचं म्हणणं, इतकी वर्षं बॉयलर विनातक्रार चालतोय, तुम्हाला हवं तर तुम्ही घ्या. श्रीधरना ते पटत नव्हतं. बॉयलर दुसऱ्याचा, घर दुसऱ्याचं, उन्हाळ्यात प्रोजेक्ट संपला की आपण पुण्याला परत. वहिनींनी मग येईल त्याला विचारायला सुरुवात केली. फराळाला आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाकडे सल्ला तयार होता. कुणी म्हणालं हे मालकाचंच काम, कुणी म्हणालं या देशात काही बिघडत नाही, कुणी म्हणालं पैसे घेतात आणि वर्षभर तोंड दाखवत नाहीत. वहिनी सगळ्यांचं ऐकून चकल्या वाढत राहिल्या. मला विचारलं तेव्हा मीही शहाणपणाने म्हणालो की परक्याच्या बॉयलरसाठी आपण कशाला भरायचं.

"बॉयलर तिचा आहे रे," वहिनी म्हणाल्या. "श्वास आपले आहेत."

श्रीधर कंजूष नव्हते. ते ट्रेनमध्ये मला सांगायचे की आज बॉयलर, उद्या शेगडी, परवा इराची शाळेची ट्रिप. हिच्या भीतीला खाऊ घालत गेलो तर ती वाढतच जाणार, कुठेतरी नाही म्हणायला हवं. मला त्यांचंही खरं वाटायचं. घरी आलो की वहिनींचं खरं वाटायचं.

थंडी वाढली तशी वहिनींची दशा बघवेना. बाहेर कालवा गोठलेला आणि खालच्या सगळ्या खिडक्या थोड्या थोड्या उघड्या. आम्ही जेवायला टोप्या घालून बसायचो. त्यांची झोप उडाली होती, पोळ्या करपायच्या. श्रीधर त्यांना कागदावर चित्र काढून समजवायचे की इथला बॉयलर वेगळा असतो, धूर नळीतून छताबाहेर जातो. एका संध्याकाळी त्या जिन्यावर बसल्या होत्या आणि श्रीधर पुन्हा कागद-पेन घेऊन आले. वहिनींनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"मला पटवू नकोस," त्या म्हणाल्या. "मला ते घेऊन दे. मी भीक मागते."

श्रीधरनी तिथेच बसून पत्रकावर सही केली.

तपासणीचा माणूस आला त्या दिवशी मी डोकं दुखतं म्हणून घरीच होतो. महिनाभर सकाळी उठल्यावर डोकं जड असायचं, ऑफिसात पोचेपर्यंत उतरायचं. इथल्या अंधाराचा परिणाम म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्या माणसाने बॉयलर उघडून पाहिला, मान हलवली, आणि धुराची नळी कुठून जाते ते बघायला माझ्या पोटमाळ्यावर गेला. माझ्या उशामागची फळी त्याने काढली. नळीचा सांधा निसटलेला होता आणि धूर तिथेच गळत होता. खाली येऊन त्याने बॉयलर बंद केला, त्यावर लाल पट्टी चिकटवली आणि मग विचारलं की वर कोण झोपतं. मी वर्गातल्यासारखा हात वर केला. तो म्हणाला, वरची छताची खिडकी गोठून बंद आहे, आणखी काही रात्री तशीच राहिली असती तर तुझ्या जिवाची खात्री नव्हती.

मी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. वहिनी मात्र शांत होत्या. त्यांनी मोडक्या इंग्रजीत त्याला एकच प्रश्न विचारला, वेळेवर लक्षात आलं तर माणूस वाचतो का. त्याला प्रश्नाचं नवल वाटलं. वाचतो की, तो म्हणाला, दार उघडायचं आणि हवेत ओढून आणायचं, हा उभा आहे ना तुमच्यासमोर.

"म्हणजे वाचवता येतं," वहिनी मराठीत म्हणाल्या आणि जिन्यावर बसल्या. त्या आनंदाने बोलल्या, असं मला वाटलं.

संध्याकाळी श्रीधर अपराधी चेहऱ्याने आले, बोलणी खायच्या तयारीने. वहिनींनी त्यांना नेहमीसारखं जेवायला वाढलं. मालकिणीने घाबरून नवा बॉयलर बसवून दिला. घर उबदार झालं, खिडक्या लागल्या, टोप्या उतरल्या. आणि दारावरच्या थापा थांबल्या. मी आतून सतराचा पाढा अर्धवट सोडून द्यायचो, बाहेर काही हालचाल नसायची. वहिनी जिन्यावर असायच्या, हात मांडीत घेऊन, समोर बघत. श्रीधर मला हळूच म्हणाले की सुटली बाई एकदाची भीतीतून. मीही हो म्हणालो. इतक्या जवळ राहून आम्हा दोघांना कळलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कळलं ते इराला. एका रविवारी ती अंघोळीला गेली आणि बोलायची थांबली. मी आणि श्रीधर खाली स्वयंपाकघरात होतो. वरचा आवाज बंद झालेला आम्हा दोघांनाही एकदम जाणवला. जिन्याशी येऊन पाहिलं तर वहिनी वरच्या पायरीवर, इराचे केस विंचरायचा कंगवा हातात, दाराकडे पाहत बसलेल्या. ओठ हलत होते. "फुगली असेल," त्या पुटपुटत होत्या, "फुगली असेल." श्रीधर धावले. त्यांच्याआधी वहिनी उठल्या आणि दोन्ही मुठींनी दारावर तुटून पडल्या. कडी नव्हतीच. दार पहिल्याच धक्क्याला उघडलं, तरी त्या उघड्या दारावर मारतच राहिल्या. आत इरा टॉवेल धरून उभी होती, भेदरलेली. ती डचमध्ये म्हणाली की आई हल्ली दारच वाजवत नाही, म्हणून मी वाट बघत होते.

वहिनींनी तिला ओलीच कवटाळली आणि त्या मोठ्याने रडल्या.

"दार उघड, माया," त्या म्हणत होत्या. "मी रागावलेली नाहीये गं. दार उघड."

उन्हाळ्यात ते पुण्याला परत गेले. निघताना पुण्याला ये वगैरे वहिनी काही म्हणाल्या नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बोलत राहा."

आता जवळच्याच लायडस्खेनडामला माझं स्वतःचं छोटं घर आहे. बॉयलरच्या तपासणी-दुरुस्तीच्या त्या कव्हरचे पैसे दर वर्षी भरतो. ऑफिसात पुण्याहून नवी आलेली मुलं विचारतात, त्याचा खरंच उपयोग होतो का. त्या कव्हरने माझा जीव वाचवला, आणि 'कुणालाही काही करता आलं नसतं' या ज्या एका वाक्यावर वहिनी उभ्या होत्या ते वाक्य त्यांच्या पायाखालून काढून घेतलं. हे त्या मुलांना कसं सांगायचं ते मला कळत नाही. घ्या, एवढंच म्हणतो.

घरात मी एकटाच असतो. तरी अंघोळीला जाताना कडी लावत नाही. मोठ्याने पाढे म्हणतो. सतराचा पाढा अर्ध्यावर आला की उगीचच थांबतो, जरा वेळ ऐकतो, आणि मग पुढचा म्हणायला लागतो.