साताऱ्यातला बर्फ

नव्वदच्या दशकात लग्न करून टोकियोत गेले, तेव्हा माझ्या जपानी सासऱ्यांचा जीव दोनच गोष्टींत होता: हिरव्या चहाचा डबा आणि सेन्जाफुदा. सेन्जाफुदा म्हणजे लाकडी ठशाने छापलेली नावाची कागदी पट्टी. देवळात जायचं, हात जोडायचे आणि आपण येऊन गेल्याची खूण म्हणून ती तिथल्या लाकडाला खळीने डकवायची. आपल्याकडे देवळात नाव लिहिणाऱ्याला शिव्या बसतात, इथे पुण्य लागत होतं.

हौशी लोकांचं मंडळही होतं. ते चित्रांच्या रंगीत पट्ट्या छापून घेत आणि बैठकीत एकमेकांना वाटत. विकत काही मिळायचं नाही. आपली द्यायची, दुसऱ्याची घ्यायची. आमचे सासरे, म्हणजे ओतोसान, त्यातले जुने सभासद.

आमचं भांडण एका फळीवरून होतं. स्वयंपाकघरात राइस कुकरच्या वर जिथे त्यांचा चहाचा डबा असायचा, तिथे मी माझे देव मांडले होते आणि डबा कडेला सरकवला होता. चार वर्षं ते विचारत होते, "योमे-सान, ही फळी कधी मोकळी होणार?" योमे-सान म्हणजे सूनबाई. मी "बघते हं" म्हणायची आणि बघायची नाही.

त्या वर्षी मंडळाचा विषय निघाला, आपल्या गावचा देखावा आणि तिथला खाऊ. ओतोसाननी सगळ्यांना गळ घालून माझी पट्टी घ्यायला लावली. परदेशी सून मंडळात पहिलीच, त्यामुळे त्यांचं नाक माझ्या हातात होतं. मला हुरूप आला आणि धडकीही भरली.

मी आमच्या साताऱ्याचा अजिंक्यतारा आणि कंदी पेढे कागदावर काढून दिले. ठसे कोरणाऱ्या आजोबांनी किल्ल्यावर बर्फ घातला. का, तर डोंगर उघडाबोडका दिसत होता म्हणे! पेढे वाळवलेल्या अळंबीसारखे झाले होते. मी चिडले खरी, पण रंग इतके देखणे होते की फार वेळ चिडता येईना.

बैठकीच्या आदल्या दिवशी साठ पट्ट्यांचा गठ्ठा घरी आला. नवी वस्तू आली की आधी देवापुढे ठेवायची, ही आईची शिस्त. मी कुंकू पाण्यात कालवलं आणि वरच्या पट्टीच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. मग बाकीच्या एकोणसाठांनी काय घोडं मारलं होतं? पंक्तिप्रपंच नको म्हणून सगळ्यांना लावलं.

सकाळी ओतोसाननी गठ्ठा सोडला. मऊ कागदाने कुंकू पिऊन टाकलं होतं. प्रत्येक कोपऱ्यात वाटाण्याएवढा लाल डाग, त्यातले काही ओघळलेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं घड्याळ पाहिलं आणि टाय बांधला. रिकाम्या हाताने बैठकीला जाता येत नाही.

सभागृहात ते प्रत्येकापुढे वाकून माझी पट्टी ठेवत होते. मी मागे, मान खाली घालून. मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांनी खिशातून भिंग काढलं. बर्फ पाहिला, पेढे पाहिले आणि त्या डागावर येऊन थांबले. जपानात देवळात गेलं की वहीवर लाल शिक्का मिळतो, त्यामुळे त्यांनी विचारलं, "हा शिक्का कुठल्या देवळाचा?"

ओतोसान खोटं बोलत नसत, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं.

"आमच्या स्वयंपाकघरातल्या," ते म्हणाले.

गृहस्थांनी मान डोलावली आणि पट्टी दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा लावायला गेले तर देवांच्या फळीच्या कडेला त्यांच्या नावाची पट्टी डकवलेली होती, सरळ, एकही सुरकुती नाही. मला रडूच आलं. चहाचा डबा त्यांनी फ्रिजवर नेऊन ठेवला होता.