न मारलेला घोडा

तुमच्या पणजोबांचा बुद्धिबळाचा पट कपाटात सापडला आणि त्यांच्या पद्धतीचा खेळ रविवारी फोनवर शिकवीन, असे मी तुम्हा दोघांना कबूल करून बसले. पट कापडी आहे. घरे सगळी एकाच रंगाची, नुसत्या रेघांनी आखलेली. मोहरी लाल आणि हिरवी. पण तो खेळ मला कुठे येत होता? आमच्या धुळ्याच्या गल्लीत तो एकट्या अक्कांना येतो. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत, माहेर साक्रीकडचे. वडील आणि त्यांचे सोबती ओट्यावर खेळत, तेव्हा पाठीमागे उभे राहून त्या शिकल्या. शनिवारी त्या लेकीकडे चोपड्याला कायमच्या जाणार होत्या. म्हणून गुरुवारी दुपारी मी पट घेऊन त्यांच्याकडे गेले.

इकडून तिकडून ऐकलेले नियम मी फुलस्केपवर आकडे घालून लिहून नेले होते. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, नाही; त्याऐवजी शह बसण्याआधी राजा डावात एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो. शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात जाईल, तेच मोहरे बनते. राजाच्या घरात गेले तर वजीर. समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि त्याचा राजा एकटा उरला, तर ती बुर्जी, म्हणजे बरोबरी. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची.

"एवढे बरोबर आहे का, ते सांगा. नातवंडांना पाठवायचे आहे," मी म्हटले.

अक्कांनी कागद घडी करून मांडीखाली ठेवला. "पह्यले एक डाव. बुर्जी तरी करी दाखाड, मंग धाड."

"आणि मी हरले तर?"

"तर कागद माले चुलामा लागी."

त्या हसत नव्हत्या. मी पट अंथरला.

रंग नसलेल्या घरांवर माझी नजर घसरत होती. उंटाची तिरपी वाट बोटाने मोजावी लागे. अक्कांना उजव्या डोळ्याने दिसत नाही, पण त्यांचा हात पटावर एकदाही अडखळला नाही. तासाभरात माझ्याकडे राजा आणि एक घोडा उरला. त्यांच्याकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी.

जिंकणे तर गेलेच होते, पण मला युक्ती सुचली. घोडा मारू दिला की माझा राजा एकटा, बुर्जी झाली, कागद वाचला. मी घोडा सरळ हत्तीच्या तोंडी दिला.

अक्कांनी हत्ती बाजूला घेतला.

मी घोडा प्याद्याच्या माऱ्यात नेऊन ठेवला. ते प्यादे एक घर सरळ पुढे गेले. तिसऱ्यांदा तो त्यांच्या राजाला अगदी खेटून ठेवला.

"मास्तरीनबाई, घोडा इकाले काढा का? हाऊ काय घोडाबजार शे?"

आणि त्यांनी राजा उचलून पलीकडे ठेवला.

तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या दोन डाव एकदम खेळत होत्या. एका हाताने माझ्या राजाला कोपऱ्यात रेटायचे आणि दुसऱ्या हाताने माझा घोडा जपायचा, माझ्यापासूनसुद्धा. हत्तीने त्या मला केव्हाच मात देऊ शकल्या असत्या, पण त्यांना ती प्याद्यानेच द्यायची होती. मी कागद विसरले. शाळेत इतकी वर्षे काढली, पण हरवायच्या माणसाचे शेवटचे मोहरे इतक्या काळजीने सांभाळणारे कोणी मी पाहिले नव्हते.

माझा राजा कोपऱ्यात अडकला. शेजारचे एक घर त्यांच्या राजाच्या ताब्यात, दुसरे एका प्याद्याच्या माऱ्यात. उरलेले प्यादे त्यांनी दोन बोटांत धरले आणि एक घर पुढे, आपल्या राजाच्या जोरावर तिसऱ्या घरात सरकवले.

"प्यादेमात," त्या हळूच म्हणाल्या.

मी सगळी घरे तपासली. वाट नव्हती. मग मोहरी परत मागे लावली, पहिल्यांदा घोडा हत्तीच्या तोंडी दिला होता तिथपर्यंत.

"अक्का, इथून परत दाखवा. सावकाश."

त्यांनी दाखवले. प्रत्येक खेळीला घोडा कुठे जिवंत राहतो, तेही दाखवले. मी आणखी एकदा मोहरी मागे लावू लागले, तेव्हा त्यांनी मांडीखालचा कागद काढून माझ्यासमोर टाकला.

"मी तर हरले," मी म्हटले.

"आते समजनं तुले. धाडी दे." मग त्यांनी पटावरच्या घोड्यावर बोट ठेवले. "पन हाऊ जित्ता व्हता, ते बी लिख."