काळी खिडकी आणि सातच्या बातम्या

आमच्याकडे वेगळा टीव्ही नाही. कोलकात्यात डमडमला फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांनी गच्चीवर डिशची छत्री बसवली, तिची वायर आत आणली आणि एका लहान डबीतून कॉम्प्युटरला जोडली. त्या कॉम्प्युटरवरची प्रणालीही विकतची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कुणीही घ्यावी, हवी तशी बदलावी. हे सांगताना ह्यांचा चेहरा खुलायचा. मला एवढंच कळायचं की संध्याकाळी सातला बातम्या लागतात आणि आमच्याशिवाय आणखी कुणीतरी घरात मराठी बोलतं.

अधूनमधून ती प्रणाली स्वतःला नवी करून घेई आणि चित्र जाई. मग हे पडद्यावर एक काळी खिडकी उघडत, दोन ओळी टाइप करत, की डबीचा दिवा लागे.

"रुसली होती," म्हणत.

"कोण?"

"तुझी सवत."

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण हवा तो शब्द येत नाही. पाणी हवं असलं की "चावी" म्हणतात आणि स्वतःच मान हलवतात. डॉक्टर म्हणाले, ह्यांची भाषा सतत कानावर पडू द्या. मी मुळात कमी बोलणारी. दिवसभरात बोलून बोलून काय बोलणार? पण सातच्या बातम्यांना निवेदिकेबरोबर ह्यांचे ओठ हलायचे. एकदा "पाऊस" स्पष्ट आला. त्या दिवशी खरोखर पाऊस होता.

दुर्गापूजा होऊन गेल्यावर एका सकाळी चित्र गेलं. डबीचा दिवा लागेना. ह्यांनी डाव्या हातानं काळी खिडकी उघडली आणि एकेक अक्षर शोधत ओळ टाइप केली. खाली इंग्रजीत उत्तर आलं. पुसून पुन्हा टाइप केली. तेच उत्तर. मुलीच्या पुस्तकांतून उचललेल्या इंग्रजीवर मला त्यातलं "नॉट फाउंड" तेवढं लागलं. ओळ चुकतेय हे ह्यांनाही दिसत होतं. बरोबर ओळ कुठली, ते ह्यांच्या आत होतं आणि तिथून हातापर्यंत येत नव्हतं. मी शेजारी उभी. हातात पदराचं टोक, दुसरं काही नाही.

पुण्याहून मुलीचा फोन आला, मी स्पीकरवर ठेवला. "आई, ते डबडं विकून टाक गं. मी साधा टीव्ही पाठवते."

"अगं, बाबा ऐकतायत."

"ऐकू देत की. बाबा, हट्ट सोडा आता."

ह्यांनी फोनकडे पाठ केली.

शेवटी मी स्टेशनजवळच्या दुकानातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. अनोळखी माणसाशी हिंदीत बोलायचं म्हणून वाटेत वाक्य पाठ करत गेले. तो आला, बसला, पडद्याकडे बघत राहिला. इथल्या रीतीनं मी त्याची माशीमा, म्हणजे मावशी, आणि हे मेशोमशाय, म्हणजे काका.

"माशीमा, ये कौन डाला?"

"इन्होंने."

"मेशोमशाय तो गुरुदेव निकले. हमारे दुकान में ये कोई नहीं जानता. पूरा साफ करके दूसरा डाल देता हूँ, टीवी शाम तक चालू."

"और इसमें जो है?"

"फोटो-वोटो निकाल देगा. बाकी सब जाएगा."

ह्यांनी डावा हात कॉम्प्युटरच्या पेटीवर ठेवला. दुरुस्तीवाला हसून थांबला. ह्यांनी पुन्हा काळी खिडकी उघडली आणि आम्हा दोघांसमोर एक ओळ टाइप केली. तेच उत्तर आलं. ते वाचून ह्यांनी हात पुन्हा पेटीवर न ठेवता मांडीवर ठेवला.

ती परवानगी होती का? मी विचारलं, "करू द्यायचं?" तर म्हणाले, "चावी."

दोघंही माझ्याकडे बघत होते. पुसलं तर सातला मराठी परत येईल, कदाचित शब्दही येतील. पण ह्यांनी स्वतःच्या हातानं केलेली हीच एक वस्तू या घरात उरली आहे, आणि ती ह्यांच्यादेखत पुसायची.

"आज रहने दो," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यानं पुन्हा विचारलं, आणि मला तेच पुन्हा म्हणावं लागलं.

सात वाजता हे पडद्यासमोर येऊन बसले. मी खुर्ची ओढून जवळ बसले आणि बोलायला लागले. भाजीवाला काय म्हणाला, वरच्या मजल्यावर कोण आलंय. चार वाक्यांत माझं संपलं. हे माझ्या ओठांकडे बघत होते, पुढचं येईल म्हणून.