धर्मा नाखव्याची न झालेली फायनल

धर्मा नाखव्याला बास्केटबॉलचं वेड लागलंय म्हटलं की वेसाव्यात लोक आधी हसत आणि मग पार्वतीकडे बघत. पार्वती म्हणजे त्याची बायको. ती म्हणायची, "काय करू बाय? कुणाचा नवरा दारू पितो, माझा बॉल बघतो."

आणि बघतो तरी कुठे? खरी गोची तिथेच होती. नारळी पुनवेला होड्या दर्यात गेल्या की थेट वैशाख संपेपर्यंत माणूस दर्यावर. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली की धर्मा मोकळा. पण पावसाळ्यात अंधेरीच्या बास्केटबॉलच्या मैदानात बेडूक खेळायचे. तिथल्या पोरांची लीग असायची दिवाळीनंतर, संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. म्हणजे धर्मा किनाऱ्यावर असेल तेव्हा खेळ नाही, आणि खेळ असेल तेव्हा धर्मा नाही. असली भक्ती देवाने वैऱ्यालाही लावू नये!

वेड लागलं ते जाळ्यापायी. सहासष्ट-सदुसष्ट साल असेल. पार्वती मासे विकायला बसायची त्या बाजाराच्या मागेच मैदान होतं, आणि तिथे नवप्रकाश क्लबची पोरं खेळायची. खांबांना नुसत्या लोखंडी कड्या, जाळ्याचा पत्ता नाही. त्यांतला अंबादास म्हणजे जोगेश्वरीच्या चाळीतला, गिरणीत काम करणाऱ्या एका कोकणी माणसाचा मुलगा, ताडासारखा उंच. तो एकदा पार्वतीला म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे जाळी विणतात ना? आम्हाला दोन द्या की."

धर्माने पावसाळ्यात बसून दोन झकास जाळी विणली. म्हाताऱ्या कोळ्यांनी हात फिरवून मान डोलवावी अशी. स्वतः शिडीवर चढून बांधली. अंबादासने बॉल टाकला. बॉल कडीतून आत गेला आणि आतच बसला. हलायचं नाव नाही. धर्माने सवयीप्रमाणे जाळ्याचं शेपूट खाली आवळून बंद केलं होतं! पिढ्यान्‌पिढ्या जाळी विणणाऱ्याला काय ठाऊक, की आत आलेलं सोडूनही द्यायचं असतं? पोरं हसून हसून लोळली. "नाखवा, पापलेट गावलं की हो!" धर्मा असला तापला! मग कंबरेचा कोयता काढून त्याने दोन्ही शेपटं छाटली. अंबादासने पुन्हा बॉल टाकला. तो कडीला न शिवता जाळ्यातून सळ्ळकन खाली उतरला. तो आवाज ऐकला आणि आमचा नाखवा कामातून गेला.

तेव्हापासून पावसाची उघडीप मिळाली की हा मैदानात हजर. पोरांची प्रॅक्टिस बघायची, तेवढंच त्याच्या नशिबात. खऱ्या मॅचची बातमी पार्वती आणायची, आणि ती तिच्या पद्धतीने.

"आपल्या पोरांनी त्यांना पार तुडवलं. त्यांचा तो टकला रडत होता."

"किती पॉइंटांनी गो?"

"ते मला नको विचारू. रडत होता म्हटलं ना!"

तेवढ्या भांडवलावर धर्मा दर्यावर अख्खी मॅच उभी करायचा. जाळं ओढता ओढता खलाशांना सांगायचा, अंबादास असा वळला, असा उडाला. गुणाजी खलाशी एकदा वैतागून म्हणाला, "नाखवा, तू होतास काय तिथे?" धर्माने दिवसभर त्याच्याशी बोलणं टाकलं.

एकाहत्तर साली नवप्रकाश पहिल्यांदा फायनलला पोचला. समोर माटुंग्याचा तगडा संघ. आणि अंबादासची ही शेवटचीच मॅच, कारण भिलाईच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली होती आणि फायनल आटोपली की लगेच तो जाणार होता. डिसेंबरातल्या रविवारी संध्याकाळी फायनल. आदल्या शुक्रवारी लढाई सुरू झाली आणि हुकूम आला, होड्या दर्यात घालायच्या नाहीत.

ऐन डिसेंबरात धर्मा किनाऱ्यावर! लढाई लागली म्हणून हरखलेला अख्ख्या मुंबईत हा एकच माणूस असेल. पार्वतीने झापलं, "तिकडे पोरं मरतायत सीमेवर, जनाची नाही तर मनाची ठेव." तो ओशाळला खरा, पण लग्नकार्यातला शर्ट काढून इस्त्रीला टाकलाच. दम कुठला निघतोय! शनिवारीच तो शर्ट घालून, पार्वतीबरोबर मैदान बघायला गेला.

अंबादास शिडीवर चढून खांबांवरचे बल्ब काढत होता.

"हे काय रे?"

"ब्लॅकआउट आहे ना, नाखवा."

"मग दुपारी खेळा! उन्हाला काय कुणाची बंदी आहे?"

"लीगच्या मंडळाने सगळा सीझनच रद्द केला. लोक जमायला नकोत म्हणतात."

धर्मा तिथेच कट्ट्यावर बसला. फार वाईट वाटलं त्याला. लढाई दोन आठवड्यांत आटोपली, दिवे लागले, काचांवर चिकटवलेले कागद पोरांनी खरवडून काढले. पण तोवर अंबादास भिलाईला गेला होता, आणि मंडळ म्हणालं, झालं गेलं सोडा. त्या वर्षीच्या ढालीवर कुणाचंच नाव चढलं नाही.

धर्माने मात्र सोडलं नाही. ती फायनल तो दर्यावर दर साली जिंकत राहिला. आधी थोडक्यात जिंकायचा, पुढे पुढे माटुंग्याला पार धुवायला लागला.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात अंबादास दारात उभा. पोट सुटलेलं, चाल लंगडी. धर्माने त्याला पोटाशी धरलं, पार्वतीने बोंबील तळायला घेतले. जेवता जेवता त्या सीझनच्या गोष्टी निघाल्या, ती जाळी निघाली, टकला निघाला. सगळे पोट धरधरून हसले. मग अंबादास हळूच म्हणाला, "नाखवा, एक सांगू? सेमीफायनललाच माझा गुडघा गेला होता. कुणाला बोललो नाही. मॅच झाली असती ना, तर आपण हरलो असतो. ब्लॅकआउट झाला ते बरंच झालं."

"बरं झालं?" धर्मा केवढ्याने तरी ओरडला. "इतकी वर्षं ती मॅच जिंकतोय मी! आणि तू आता येऊन माझ्या ताटात माती कालवतोस?"

पार्वती चुलीपासून उठून आली. "जेवत्या माणसावर ओरडतात काय?"

धर्माने हातातला घास ताटात ठेवला. बाहेर ओटीसमोर पावसाचं पाणी वाहत होतं. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "मग त्या शनिवारी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात तुम्ही. पहिल्यांदाच येणार होतात मॅचला. मी खेळणारच होतो नाखवा, लंगडत का होईना."

धर्माने तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि त्याच्या पानात आणखी एक बोंबील वाढला.

"हरलो असतो तर हरलो असतो रे," तो म्हणाला. "मला बघायला तर मिळाली असती."