हुंकारापर्यंतची दवंडी

धार-देवासच्या मंडळींनो, गोविंदपंतांची साठी भरली, तेव्हा चार शब्द लिहा असं मला सांगितलंत. माझं शिक्षण म्हणजे भिंतीवरचे जाहीरनामे वाचत जुळवलेली अक्षरं. गोड मानून घ्यावं.

पंतांची थोरवी मला प्रथम कळली ती आमच्या सौभाग्यवतींकडून. पंत तेव्हा धरमपुरीस अंमलदार होते. मी नवा कारकून. बिऱ्हाड थाटलं आणि त्यांची भेट होण्याआधीच कामावर डही गावी गेलो. घरी सौ. आणि तान्ही मुलगी. तेवढ्यात गावात पटकीची साथ आली. आमच्या आळीतल्या विहिरीचं पाणी कुणी पिऊ नये, अशी दवंडी पंतांनी काढली.

दवंडीवाला भेरू परतला. "पूरे गाँव में पीट दी, पंतसाब."

"कारकुनांच्या आळीत हुंकार कुणी दिला?"

"वहाँ कायकू जाना, साब? वो तो आपकेच लोग. उनको पहलेच मालूम रहता."

"भेरू, ढोल वाजला ती अर्धी दवंडी. ऐकणाऱ्याने 'ऐकलं' म्हटलं की पुरी. चल."

भर उन्हात पंत स्वतः निघाले. घरोघरी हुंकार मिळाला. आमचं दार मात्र गप्प. परक्या पुरुषाला आतून ओ द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. सौ.ने त्याच विहिरीचं पाणी भरून तांब्या तोंडाला लावला होता. ढोल ऐकून हात थांबला, पण तोंड उघडेना.

पंत हलले नाहीत. म्हणाले, "बाई, बोलू नका. समजलं असेल तर भांडं वाजवा."

सौ.ने तांब्या मोरीत उपडा केला आणि त्यावर पळी मारली.

"सुणी लियो, साब!" भेरू हसला.

पुढे त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. हुकूम सांगून झाला की पंत विचारत, "काय समजलात?" एकदा मी वैतागून म्हटलं, "पंत, त्यापेक्षा पोपट पाळा." ते म्हणाले, "पोपट नुसतं 'हो' म्हणतो. तुम्हाला शंका येते, म्हणून तुम्हाला पाळलंय!"

ती तान्ही आज लेकुरवाळी आहे. तांब्या अजून तिच्याच घरात आहे, पोचा पडलेला.

पंतांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची दवंडी. अर्धी झाली. पंत, आम्ही दाराशी उभे आहोत.